आलेख बघावा की ताळेबंद?

परवा भिशीला जमलो होतो. चहा यायच्या आतच एका मैत्रिणीने मोबाईल पुढे केला. पडद्यावर लाल-हिरव्या कांड्या. ‘‘हे बघ, इथून हा शेअर वर जाणार म्हणजे जाणारच!’’ त्यासाठी ती चाळीस हजारांची एफडी मोडायला निघाली होती. मी विचारलं, ‘‘अगं, पण कंपनी बनवते काय?’’ तर म्हणते, ‘‘ते कशाला बघायचं? भावच सगळं सांगतो.’’

यालाच टेक्निकल अ‍ॅनालिसिस म्हणतात. मागचे भाव, किती शेअर हातोहात फिरले, यावरून पुढचा अंदाज बांधायचा. फंडामेंटल अ‍ॅनालिसिसवाला आधी कंपनीच्या घरात डोकावतो. विक्री किती, नफा किती, कर्ज किती, मालक कसे. आपण मुलीसाठी स्थळ बघतो, तेव्हा नुसत्या फोटोवर भुलतो का? घराणं, नोकरी, उधाऱ्या, सगळं चार ठिकाणी विचारतो. मग पैशाच्या बाबतीतच एवढी घाई का?

आता ताळेबंद बघितला की निर्धास्त, असंही नाही हं! ‘सत्यम’ आठवतंय? ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. पुस्तकात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात नव्हतीच. शेअर एका दिवसात सुमारे ७८ टक्के कोसळला. ताळेबंद वाचणारे फसले. पण त्याआधी तीनच आठवडे, १७ डिसेंबर २००८ ला, हाच शेअर सुमारे ३० टक्के पडला होता. आलेखाने घंटा वाजवली होती! मात्र तो का पडला? राजूंच्या कुटुंबाशी संबंधित ‘मेटास’ कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा घाट घातला गेला म्हणून. शिवाय प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा दहा टक्क्यांच्याही खाली आलेला. हे सगळं कंपनीच्या घरातलंच की! आकड्यांइतकीच माणसंही वाचावी लागतात ती अशी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. काय घ्यायचं ते कंपनी बघून ठरवावं. कधी घ्यायचं यासाठी आलेखाची मदत झाली तर घ्यावी. नुसत्या कांड्यांवर रोजचा सौदा करणं आपल्यासारखीचं काम नव्हे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत उतरलेल्या १०० सामान्य व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे गमावले होते. आणि वर ‘खात्रीच्या टिप्स’ विकणारे फोन येतातच. खात्री असती तर त्यांनी आपल्याला कशाला सांगितलं असतं?

वार्षिक अहवाल फुकट मिळतो. निदान पाच वर्षांची विक्री, नफा, कर्ज आणि प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकलेत, एवढं तरी बघा. इंग्रजी जड जातं, कबूल. मलाही जायचं, कॉलेजातल्या भाचीला शेजारी बसवून पहिला अहवाल वाचला होता.

मैत्रिणीचा काल फोन आला. कंपनी पाइप बनवते म्हणे, आणि कर्ज दरवर्षी वाढतंय. एफडी तिने मोडली नाही. पण भिशीचे दहा हजार मात्र घातलेच!