आरएक्स-७ चा वारस आणि हिरोशिमाचा ताळेबंद

ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियो येथील जपान मोबिलिटी शोमध्ये माझदा कंपनीने लाल रंगाची, ठेंगणी, दोन आसनांची एक गाडी प्रेक्षकांसमोर ठेवली. तिचे नाव ‘आयकॉनिक एसपी’. ती विक्रीसाठी नव्हती. कंपनीच्या मनातील कल्पना दाखवणारा तो केवळ नमुना होता. तरीही जगभरच्या शौकिनांना तिच्यात आरएक्स-७ या गाडीचा वारस दिसला. मूळ गाडी बंद होऊन तेव्हा २१ वर्षे लोटली होती.

आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांना माझदा हे नाव ठाऊक आहे ते स्पोर्ट्स कारमुळे नव्हे, तर ‘स्वराज माझदा’ या मालवाहू गाडीमुळे. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो कॉर्पोरेशन यांनी १९८३ मध्ये ती कंपनी स्थापन केली. सुमितोमो हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. माझदा हे नाव संस्थापकांच्या मात्सुदा या आडनावाशी आणि पारशी बांधवांच्या अहुर मज्द या नावाशी जोडलेले आहे, असे कंपनीच सांगते.

आरएक्स-७ चे वेगळेपण तिच्या रोटरी इंजिनात होते. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. रोटरीमध्ये कमरेला किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत एक त्रिकोणी रोटर गरगर फिरतो. सुटे भाग थोडे, वजन कमी, आकार लहान आणि चाल अतिशय गुळगुळीत. दोष मात्र याच रचनेतून उद्भवतात. ज्वलनाची जागा लांबट व पसरट असल्याने थोडे इंधन न जळताच बाहेर पडते, आणि रोटरच्या टोकांवरील अरुंद पट्ट्यांना, म्हणजे सीलना, वंगण मिळावे म्हणून थोडे तेलही जाळावे लागते. इंधनाचा खर्च आणि धुराचे नियम या दोन्ही आघाड्यांवर हे इंजिन आरंभापासून अडचणीत राहिले.

मग हिरोशिमाच्या या पेढीने ते पत्करले कशासाठी? तिचे तेव्हाचे नाव तोयो कोग्यो. १९२० मध्ये बुचाच्या धंद्यातून तिचा आरंभ झाला. १९६० च्या सुमारास जपान सरकार लहान मोटार कंपन्या मोठ्या समूहांत विलीन करण्याच्या विचारात होते. स्वतंत्र राहायचे तर दुसऱ्या कोणाकडे नाही असे काही हाती हवे, हे दुसऱ्या पिढीतील त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखले आणि १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी रोटरीचा परवाना-करार केला. सील घासून पोकळीच्या भिंतीवर ओरखडे उमटत. अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनइची यामामोतो यांच्या हाताखालील ४७ अभियंत्यांनी ती अडचण सोडवली आणि १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. त्याच वर्षी मूळ मालक एनएसयूने ‘आरओ ८०’ ही रोटरी गाडी विकायला काढली. तिची इंजिने हमीच्या काळातच निकामी होऊ लागली, दुरुस्तीचा बोजा सोसवेना, आणि १९६९ मध्ये ती कंपनी फोक्सवॅगन समूहात विलीन झाली.

माझदावरही तशी वेळ आलीच. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोल भडकले आणि रोटरी गाड्यांना अमेरिकेत गिऱ्हाईक उरले नाही. गाड्या गोदामांत साचल्या. त्या वेळी सुमितोमो बँक मागे उभी राहिली. बँकेने आपली माणसे कंपनीच्या कारभारात बसवली, आणि कारखान्यातील हजारो कामगारांना विक्रेत्यांकडे गाड्या विकण्यास पाठवण्यात आले. १९७७ मध्ये तिसऱ्या पिढीतील कोहेइ मात्सुदा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुढे १९७९ मध्ये फोर्डने सुमारे २५ टक्के भांडवल घेतले. वसुलीचाच विचार करणारा कोणीही या वेळी रोटरीचे खाते बंद करा, असे म्हणाला असता. तसे घडले नाही. इंधनाची बचत ४० टक्क्यांनी वाढवण्याचे लक्ष्य ठरवून इंजिन सुधारण्यात आले, आणि १९७८ मध्ये त्यातूनच आरएक्स-७ जन्मली.

शौकीन मंडळी या गाडीचा इतिहास सहसा १९९१ च्या ल मांस शर्यतीपासून सांगतात. माझदाच्या चार रोटरांच्या ‘७८७बी’ने २४ तासांची ती शर्यत जिंकली, जपानी गाडीचा तो पहिलाच विजय होता. परंतु त्याआधीचा, बँकेच्या दारातला इतिहास अधिक बोलका आहे.

तीन पिढ्यांत मिळून आरएक्स-७ च्या आठ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांत आज सर्वाधिक पूजली जाणारी तिसरी पिढी जेमतेम ६८ हजारांची. अमेरिकेत तर ती तीनच वर्षे, सुमारे १४ हजार इतकीच खपली. गाडी नवी होती तेव्हा तिच्यासाठी पैसे मोजणारे थोडे होते. आज जुन्या गाडीसाठी चढी बोली लावणारे पुष्कळ आहेत. या चढ्या बोलीतला एक येनही माझदाच्या गल्ल्यात जमा होत नाही. वारसाच्या आशेचा हिशेब येथून मांडावा लागतो. २००३ ची आरएक्स-८ चार आसनी व सोयीची होती. तीही २०१२ मध्ये संपली.

टोयोटाची सुप्रा २००२ मध्येच बंद पडली होती आणि २०१९ मध्ये परतली, असा दाखला शौकीन देतात. पण ती बीएमडब्ल्यूच्या इंजिनासह परतली. टोयोटाला सहा सिलिंडरांचे इंजिन उसने मिळाले. रोटरी उसने देणारा मोटार उद्योगात कोणी उरलेला नाही. वर्षाला १२-१३ लाख गाड्या विकणाऱ्या माझदाला तो सगळा खर्च एकट्याने उचलावा लागेल.

म्हणून कंपनी थांबते, यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो दाखवण्याच्या रीतीवर. दर्शनी हुंडी दाखवताच रक्कम मोजावी लागते, मुदती हुंडीवर निदान मुदत तरी लिहिलेली असते. २०१५ मध्ये ‘आरएक्स-व्हिजन’, २०२३ मध्ये ‘आयकॉनिक एसपी’, २०२५ मध्ये ‘व्हिजन एक्स-कूपे’ अशा या हुंड्या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. मात्र याच कंपनीने दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चे बंद झालेले काही सुटे भाग पुन्हा बनवून जुन्या गिऱ्हाइकांचे देणे पाळले आहे, हेही नोंदवले पाहिजे.

दरम्यान रोटरी वेगळ्या वेषात परतले आहे. २०२३ पासून ‘एमएक्स-३०’ या विजेच्या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर बसवला जातो. तो चाके फिरवत नाही, बॅटरीसाठी वीज तयार करतो. ‘आयकॉनिक एसपी’ची कल्पनाही याच जातीची, फक्त दोन रोटरांची. जुन्या शौकिनांना हा वारस औरस वाटत नाही. त्यांना चाकांना थेट जोडलेले, चढत्या सुरात गाणारे इंजिन हवे आहे. परंतु एकाच ठरावीक वेगाच्या आसपास फिरणाऱ्या इंजिनाचा धूर आवरणे तुलनेने सोपे असते. रोटरीला नियमांच्या चौकटीत जगायचे असेल, तर आज हीच वाट अधिक मोकळी दिसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझदाने रोटरी विकसित करणारा विभाग पुन्हा उभा केला. या वेळी त्यात ३६ अभियंते होते, आणि धुराचे नियम पाळणारे इंजिन घडवणे हे त्यांच्यावर सोपवलेल्या कामांपैकी एक होते. ‘व्हिजन एक्स-कूपे’ने दोन रोटर, टर्बो आणि विजेची जोड मिळून ५१० अश्वशक्तीची कल्पना पुढे ठेवली. तिची किंमत आणि विक्रीची तारीख मात्र प्रदर्शनात जाहीर झाली नाही.