आटे गेले तर आधी सांगा, मग पाना उचला



या आठवड्याच्या व्हिडिओत ११० सीसी एटीव्हीचं हेड टेबलावर ठेवून प्लगच्या भोकात नवे आटे कसे बसवायचे ते दाखवलं. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. तो इथे लिहितोय. सोबत माझं एक मतही सांगतो, थोडं कडू आहे.

एटीव्ही म्हणजे नागाव, वरसोली, काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना चक्कर मारून आणतात ती जाड टायरची चारचाकी. त्यातल्या बऱ्याच स्वस्त गाड्यांना आडवं, ११० सीसीचं, साधं फोर-स्ट्रोक इंजिन असतं. जवळपास सर्व्हिस सेंटर नसतं, म्हणून काम तुमच्या-माझ्यासारख्या छोट्या गॅरेजकडे येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, तेव्हापासून खाडीपलीकडची काही गिऱ्हाईकं माझ्याकडेही यायला लागली.

त्यातलाच एक दादा. पाच एटीव्ही भाड्याने चालवायचा. दिवाळीच्या तोंडावर एक गाडी घेऊन आला, साधी सर्व्हिसिंग. माझ्याकडचा पोरगा नवीन होता. इंजिन गरम, हातात लांब दांड्याचा पाना. दहा मिनिटांनी येऊन म्हणाला, "शेठ, प्लग नुसता गोल फिरतोय."

आटे गेले होते. आमच्याच हातून.

दादा बाहेर चहा पीत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. मी काय केलं? प्लगवर तांब्याची बारीक तार गुंडाळली, कसाबसा आवळला आणि गाडी देऊन टाकली. नेहमीचे सहाशे रुपये पण घेतले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

भाऊबीजेच्या दिवशी किनाऱ्यावर चालत्या गाडीत प्लग उडाला. नशीब की कोणाला लागलं नाही. सुट्टीचे दोन दिवस गाडी उभी. दादा आला, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमच्या हातून गेलं होतं तर सांगायचं ना. मी काय फाशी देणार होतो?"

आता हिशोब बघा. नवीन हेड आणि गॅस्केट मी माझ्या खिशातून भरलं, ४,२०० रुपये. त्याच्या पाचही गाड्या दुसरीकडे गेल्या. गाडीमागे महिन्याला ६०० प्रमाणे ३,००० आणि ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा सीझन, म्हणजे २४,०००. एकूण २८,२०० रुपये. त्या दिवशी खरं सांगून भाईंदर पूर्वेच्या लेथवाल्याकडून बुश मारून आणला असता तर पाचशे रुपयांत सुटलो असतो. बीबीएला आम्हाला कॉस्टिंगचा अख्खा पेपर होता. खोटं बोलण्याची कॉस्ट कशी काढायची ते त्यात नव्हतं.

आता काही जण म्हणतील, "सर, प्रत्येक चूक सांगत बसलो तर गिऱ्हाईक सगळंच आपल्या माथी मारेल." हा मुद्दा खोटा नाही. काही गाड्या आमच्याकडे येतानाच आटे खाल्लेल्या असतात. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी प्लग एकमेकांना धरून बसतात, प्लग काढताना आटे सोबत निघून येतात. तो दोष आपला नाही. पण हे गिऱ्हाईकाला नंतर सांगितलं तर ते कारण वाटतं, आधी सांगितलं तर सल्ला वाटतो.

म्हणून माझ्या दुकानात आता तीन नियम आहेत. पाना लावायच्या आधी प्लग आणि ड्रेन बोल्टचा मोबाईलवर फोटो. जाम वाटला तर गिऱ्हाईकाला फोन, "निघताना आटे जाऊ शकतात, गेले तर ९०० रुपये लागतील, काढू का?" आणि आमच्या हातून गेले तर खर्च आमचा, तेही त्याच दिवशी सांगायचं. मागच्या सीझनमध्ये असे दोन खर्च मी सोसले. दोन्ही गिऱ्हाईकं अजून माझ्याकडेच येतात.

आता कामाचं बोलू. आटे जाऊच नयेत यासाठी पहिला खर्च टॉर्क रेंचवर करा. या इंजिनांचा प्लग बहुतेक १० मिमी आट्याचा, १ मिमी पिचचा असतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तो १० ते १२ न्यूटन-मीटरवर आवळायचा. म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम पाच-सहा किलोचा जोर. आपली पोरं दुप्पट लावतात आणि "टाईट केलाय शेठ" म्हणून खूश होतात. इंजिन थंड झाल्यावरच प्लग खोला. बसवताना सुरुवातीचे पाच-सहा फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. नाही गेले तर प्लग तिरका लागलाय, परत काढा.

गेलेच, तर रस्ते तीन. पहिला, नवीन हेड. गिऱ्हाईकाचे चार हजार आणि पार्ट येईपर्यंत आठवडा. दुसरा, तार, एम-सील, टेफलॉन. तो मी करून बसलोय. तिसरा, जुने आटे मोठ्या मापाने काढून त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंग बसवायची, म्हणजे हेलिकॉइल, किंवा अख्खा बुश. हेड उतरवून करा, म्हणजे चुरा सिलिंडरमध्ये पडणार नाही. टॅपला ग्रीस लावा, चुरा त्याला चिकटतो. स्प्रिंग वरच्या कडेपासून पाव ते अर्धा फेरा खाली राहिली पाहिजे. खालची जीभ तोडली की ती हातात आली का ते मोजून बघा.

याला जुगाड म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत अशा स्प्रिंगा बसवल्या गेल्या. आजही नरम धातूच्या नव्या पार्टमध्ये कारखान्यातूनच त्या घालतात. स्टेनलेस स्टीलचे आटे ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकतात. स्टेनलेसच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या भाईंदरमध्ये हे वेगळं समजावून सांगायला नको.

पैसे किती घ्यायचे? चार मापांचे किट मला ६,६०० रुपयांना पडले. एका कामाचे मी ९०० घेतो. स्प्रिंगचे ६०, पोराचा वेळ आणि गाळ्याचं भाडं धरून ४००, उरतात ४४०. पंधरा कामांत किट वसूल. गिऱ्हाईकाचे हेडचे तीन हजार वाचतात, तुमचे ४४० सुटतात, दोघंही खूश. "एवढीशी स्प्रिंग आणि ९०० रुपये?" असं विचारलं तर चिडू नका. जुना प्लग हातात द्या, त्याला चिकटून आलेलं ॲल्युमिनियम दाखवा. ते बघितल्यावर घासाघीस कमी होते.

आणि "नाही" म्हणायला पण शिका. हेडला तडा असेल किंवा आधीच एकदा बुश मारून तो सुटला असेल, तर नवीन हेडच सांगा. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या आट्यांवर हात शिकू नका. तिथे माणूस बसलेला असतो.

तो दादा परत आला का, असं विचाराल. पाच गाड्या नाही आल्या. यावर्षी एक आली. पोराने फोटो काढला, प्लग जाम होता, फोन केला. दादा म्हणाला, "काढा, गेले तर बसवा." आटे गेले नाहीत. सहाशेच रुपये झाले.

बाकीच्या चार गाड्यांची मी वाट बघतोय. तुम्ही माझ्यासारखी गिऱ्हाईकं घालवून हे शिकू नका. उद्या दुकान उघडाल तेव्हा पोराला आधी एवढंच सांगा की काही तुटलं तर पहिलं मला सांग, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तार गुंडाळेल आणि तुम्हालाही कळणार नाही.