सुकेळ्याला मोक्ष, बाईला पाठदुखी

वसई-विरारकडच्या आमच्या आगाशीत हल्ली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, कमी आणि त्यांचे अर्थच जास्त मिळतात. बाहेरगावच्या एका कीर्तनकार बुवांनी परवा गावाला खूश करायला सुकेळ्याचंच रूपक लावलं. केळं म्हणजे जीव, साल म्हणजे अहंकार, ऊन म्हणजे तप आणि वर गुंडाळलेलं सुकं पान म्हणजे गुरुकृपा. रूपक खेळकर होतं, गळाही गोड होता. सगळा मंडप डोलत होता, माझं मात्र डोकं तापलं.

कारण या कथेत माणूसच नाही. केळं आपलं आपण सोलून निघतं, उन्हात जाऊन बसतं आणि थेट मोक्षाला जातं! प्रत्यक्षात राजेळीचा लोंगर उतरवावा लागतो, पेंढ्यात पिकवावा लागतो. मग एकेक केळं न मोडता सोलायचं, मांडवावर ओळीने मांडायचं, परतायचं, माश्या हाकायच्या. ऊन उतरलं की दव लागू नये म्हणून सगळं गोळा करून झाकायचं आणि सकाळी पुन्हा मांडायचं. असं कित्येक दिवस. मध्येच आभाळ भरून आलं तर केलेलं सगळं बुरशीच्या घशात. हे करणाऱ्या बाईची पाठ कुठल्या तत्त्वाचं प्रतीक, एवढं बुवांनी सांगितलं नाही.

नाथांचं नाव घेऊन हे चालतं, म्हणून जास्त चीड येते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात विंचवाचं भारूड रचलं. विंचू म्हणजे कामक्रोध हे त्यांनीच त्यात सांगून टाकलंय, भाष्यकाराला काम ठेवलेलं नाही. पण विंचू आधी चावतो! भारूड करणारा बोंब ठोकतो, गडबडा लोळतो, पोरं हसून बेजार होतात. अध्यात्म चढतं ते त्या विषाबरोबर. फुगडीवरही नाथांची रचना आहे. गिरकी घेऊन जो कधी गरगरलाच नाही, त्याला तिचा अर्थ काय डोंबल कळणार?

बुवांच्या लेखी गोडी म्हणजे ब्रह्मानंद. अहो, गोडी म्हणजे गोडी! पाणी उडालं, साखर उरली, दाताला चिकटली. ती आधी जिभेवर येऊ द्या की.

आणि तप? ऊन फुकट असतं, पण ते पडायला मोकळी जमीन लागते. अशाच जमिनीवर वाळणाऱ्या आगाशीच्या सुक्या केळ्यांचं नाव 1882 च्या ठाणे गॅझेटियरातही आहे. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा पश्चिम पट्ट्यातली गावं समावेशाविरुद्ध उभी राहिली, ती बागायती वाड्या टिकाव्यात म्हणूनही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने केळी आडव्या केल्या, तेव्हा वादळ म्हणजे माया असं सांगायला वाडीत कुणी फिरकलं नाही. टॉवरची सावली मांडवावर पडली तर ती कशाचं प्रतीक, हेही कुणी सांगत नाही. मंडपाच्या वर्गणीत बिल्डरची पावती मोठी असते.

बुवा, हाच दृष्टांत पुन्हा सांगायचा असेल तर पाऊस सरल्यावर या. बिदागीआधी एक लोंगर सोला, चार दिवस मांडव राखा, संध्याकाळी कमरेत वाकून सगळं गोळा करा. पाचव्या दिवशी कीर्तनाला उभं राहता आलं, तर तपावर जरूर बोला.