तारण विश्वासाने की सत्कर्माने?

परवा आम्ही कशेळीला गेलो होतो. भिवंडीच्या या गोदामपट्ट्यात मजुरीच्या हक्कांविषयी चार शब्द सांगायचे होते. सभा संपल्यावर नगर जिल्ह्यातून आलेला एक ख्रिस्ती हमाल मागे थांबला. म्हणाला, "वकीलसाहेब, आमचे पाळक सांगतात, तारण विश्वासाने होते, कर्माने नाही. मग आमची मजुरी दाबणारा मुकादम रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसतो, त्याचेही तारण होणार का?"

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. ख्रिस्ती जगात तो पाचशे वर्षे गाजतो आहे. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथर पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध उभा राहिला. तारण ही देवाची कृपा आहे, ती विश्वासाने मिळते, विकत घेता येत नाही, असे त्याने पुढे ठामपणे मांडले. पुरोहितांच्या दुकानदारीवरचा हा घाव होता, हे आपण मान्य केले पाहिजे. रोमच्या चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली उत्तर दिले की, नुसता विश्वास पुरेसा नाही. एकाच्या हाती पौलाची पत्रे, तर दुसऱ्याच्या हाती कर्माविना विश्वास निर्जीव ठरवणारे याकोबाचे पत्र. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेने होते आणि सत्कर्मे ही त्याची फळे, असा तो समझोता आहे.

ही फळे महाराष्ट्राने पाहिली आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तारण केवळ विश्वासाने होते, हे त्यांना काही वर्षांनी पटले. पण म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रियांना केडगावी आसरा दिला.

मग वाद मिटला का? आमच्या मते, खरा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. धर्मांतरितांच्या स्थितीवरील त्यांचे लेखन शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे. मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखाने त्यांनी नाकारले नाहीत. परंतु अस्पृश्याची अधोगती समाजव्यवस्थेने नव्हे, तर त्याच्याच पापाने झाली, असे शिकवले तर तो त्या व्यवस्थेशी लढेल कशाला? विश्वासानेही जात गेली नाही आणि दानधर्मानेही गेली नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणपत्रात चर्चमधील अस्पृश्यतेची कबुली दिली, ती काय उगाच?

कायद्यानेही नेमका विश्वासच विचारला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्याची श्रद्धा तपासली गेली; गाव त्याच्याशी कसे वागते, हे कोणी तपासले नाही!

पण बंधूंनो, दुसऱ्याकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तथागत हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले. चालायचे आपणच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत असलेला आपला माणूस ठेकेदार होतो आणि आपल्याच माणसाची मजुरी बुडवतो, तेव्हा त्याच्यात आणि त्या पहिल्या बाकावरच्या मुकादमात फरक तो काय? नुसता जयभीम म्हणून आपलेही तारण होत नाही.

त्या हमालाला आम्ही एवढेच सांगितले, "मुकादमाचे तारण तुमचे पाळक पाहतील. तुमच्या मजुरीचा हिशेब मात्र इथेच व्हायचा आहे." आणि आम्ही अर्ज लिहायला बसलो. खाली ख्रिस्ती आणि बौद्ध मजुरांच्या सह्या एकाखाली एक झाल्या. श्रद्धा कोणतीही असो, ती अशा कामात दिसली पाहिजे.

जयभीम!