काटा काय म्हणतो?

‘साहेब, इंजिनचं काम निघालंय. बोअर करावं लागेल.’ डॉक्टरने बायपास सांगावी, तशा थाटात मेकॅनिकने निकाल दिला आणि चंदनसारमधल्या त्या गॅरेजबाहेर बाबांचा चेहरा पडला.

गाडी कोणती? प्रीमियर पद्मिनी, मेड इन कुर्ला! मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रिटायर झाली, पण आमची अजून आहे. फक्त सिग्नलला थरथरते आणि बंद पडते. बोअरचा खर्च म्हणजे गाडी थेट भंगारात.

मग शेजारच्या गल्लीतले जुने मिस्त्री आले. हातात घड्याळासारखी डबी आणि रबरी नळी. हा व्हॅक्युम गेज!

फंडा सोपा आहे. सिरिंजचं तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या ओढा. बोट खेचलं जातं ना? इंजिनही हवा तशीच ओढतं. नळी मॅनिफोल्डला जोडली, की ती ओढ काट्यावर दिसते. इंजिन मात्र गरम हवं आणि आयडलिंगवर.

काटा असा वाचा :
• १७ ते २२ इंच, स्थिर : टेन्शन नाही.
• स्थिर, पण कमी : टायमिंग मागे, हवा लीक किंवा रिंग झिजलेल्या.
• ठरावीक अंतराने खाली झटका : एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.
• हळूहळू मागेपुढे : कार्ब्युरेटरचं मिक्श्चर तपासा.
• रेस धरून ठेवल्यावर घसरण : सायलेन्सर चोक.

(हे आकडे आपल्या समुद्रसपाटीचे. महाबळेश्वरला तीच गाडी चारेक इंच कमी दाखवेल.)

आमचा काटा १३वर गप्प. म्हणजे रिंगच? बाबांनी डोळे मिटले. मिस्त्रींनी कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगच्या कडेने थोडं पाणी सोडलं. थरथर थांबली, काटा वर सरकला! फट क्षणभर बुजली होती. चोर सापडला : फाटलेलं पॅकिंग. बदललं आणि काटा १८वर.

गेज काही देव नाही. काट्यावरून शंका आली, की कम्प्रेशनही तपासून घ्यायचं. पण इंजिन उघडण्याआधी पाच मिनिटं काट्याला द्यायला काय हरकत आहे? तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘बोअर’ म्हणालं, की शांतपणे विचारा, ‘दादा, काटा काय म्हणतो?’