वारसा टिकतो तो कोणत्या भाषेत?

ऑस्ट्रेलियातील ग्रीक समाजाचा विषय निघाला की मेलबर्नच्या लॉन्सडेल रस्त्यावरील अँटिपोडीस महोत्सव, तिथली नृत्ये आणि खाद्यपदार्थ हमखास आठवतात. १८९७ मध्ये स्थापन झालेली मेलबर्नची ग्रीक संस्था आणि १९५७ मध्ये सुरू झालेले 'नेओस कोस्मोस' हे वृत्तपत्र यांचाही अभिमानाने उल्लेख होतो. हे सारे महत्त्वाचे आहेच. पण साहित्याच्या अभ्यासकाने निराळा प्रश्न विचारायला हवा : या भाषेत त्या भूमीवर नवे काही लिहिले गेले का, आणि ते वाचणारे कोणी उरले आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिमित्रिस त्सालूमास या कवीपाशी सापडते. १९२१ मध्ये लेरोस बेटावर जन्मलेले त्सालूमास १९५२ मध्ये मेलबर्नला आले, शिक्षक झाले आणि ग्रीकमध्येच लिहीत राहिले. १९८३ मध्ये त्यांच्या कवितांची 'द ऑब्झर्व्हेटरी' ही द्वैभाषिक निवड प्रसिद्ध झाली आणि तिला ऑस्ट्रेलियातील नॅशनल बुक कौन्सिलचा पुरस्कार मिळाला. मूळ ग्रीकमध्ये लिहिलेल्या कविता अशा रीतीने ऑस्ट्रेलियन साहित्य म्हणून गौरवल्या गेल्या. ही घटना मला कोणत्याही महोत्सवाहून मोलाची वाटते. पुढे त्सालूमास इंग्रजीतही लिहू लागले.

आता दुसरा प्रश्न. २०१६ च्या जनगणनेत घरी ग्रीक बोलणारे सुमारे २ लाख ३७ हजार होते. २०२१ मध्ये ही संख्या सुमारे २ लाख ३० हजारांवर आली. त्याच वर्षी आपले मूळ ग्रीक असल्याचे सांगणारे मात्र ४ लाखांहून अधिक होते. म्हणजे ओळख टिकते आहे, पण भाषा तिच्या मागे पडते आहे.

यावर कोणी म्हणेल, ख्रिस्तोस त्सिओल्कस यांची 'लोडेड' (१९९५) आणि 'द स्लॅप' (२००८) या कादंबऱ्या इंग्रजीत असूनही ग्रीक स्थलांतरितांच्या घरांतील ताण समर्थपणे मांडतातच ना? मांडतात, यात शंका नाही. इंग्रजीत लिहिणे ही प्रतारणा नव्हे. मात्र त्सिओल्कस यांच्या यशाने त्सालूमास यांचा वाचक तयार होत नाही. भाषा जाणणारा वाचक संपला, की त्या द्वैभाषिक पुस्तकातील ग्रीक पाने केवळ शोभेची उरतील.

म्हणूनच २०२० मध्ये मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठाने आधुनिक ग्रीकचा अभ्यासक्रम बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा समाजाने केलेला विरोध मला वारसाजतनाचे खरे कार्य वाटतो. तो अभ्यासक्रम टिकला. स्मारके आणि सोहळे पूर्वजांची आठवण देतात. पण पूर्वजांनी नव्या भूमीवर काय लिहिले, हे कळायला वर्गात बसून त्यांची लिपी शिकणारा एक तरी विद्यार्थी लागतो.