पोरगी नाचतेय, पण गाणं कुठाय?

मंडळी, गेल्या गणपतीत लेकीच्या ग्रुपने आमच्या मंडळात कोळीनृत्य केलं. दोन महिने दर शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये प्रॅक्टिस! हौसेने व्हिडिओ टाकला, साताऱ्याला आईला लिंक पाठवली. लगेच तिचा फोन, "अगं, पोरगी छान नाचतेय, पण गाणं कुठाय?" आवाजच बंद. गाण्यावर कॉपीराइटचा दावा आला होता.

मी जाम चिडले. आम्ही काय पैसे कमावतोय? खाली मूळ कंपनीचं नावही दिलं होतं! नंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं, नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे.

यूट्यूबचं उदाहरण घ्या. तिथे 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा आपल्या व्हिडिओतला आवाज कंपन्यांनी दिलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघते. जुळला, की पुढचं मालक ठरवतो: व्हिडिओ अडवायचा, की राहू देऊन जाहिरातीचे पैसे घ्यायचे. असा दावा म्हणजे 'स्ट्राइक' नव्हे, घाबरू नका. पण मालकाने रीतसर व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक बसतो. 90 दिवसांत असे तीन झाले, तर अख्खं चॅनेल जाऊ शकतं. मंडळाचे इतक्या वर्षांचे कार्यक्रम त्यातच असतात ना?

माझं मत स्पष्ट आहे. गाण्यात कुणाची तरी मेहनत असते. गदिमा 1977 साली गेले; भारतीय कायद्याने कवीच्या शब्दांवरचा हक्क निधनानंतर 60 वर्षं, म्हणजे त्यांच्या बाबतीत 2037 अखेरपर्यंत राहतो. दुसऱ्याचा निबंध उतरवू नकोस असं मुलांना सांगतो, मग गाण्याला वेगळा न्याय का?

पण उगाच मानही तुकवू नका. 'सुखकर्ता दुःखहर्ता' समर्थ रामदासांची. त्या शब्दांवर आज कुणाचीच मालकी नाही. हक्क असतो तो एखाद्या रेकॉर्डिंगवर. मुलांनी स्वतः पारंपरिक चालीत म्हटलेल्या आरतीवर दावा आला, तर 'डिस्प्यूट' जरूर करा. दावेदाराला उत्तर द्यायला 30 दिवस असतात.

म्हणून यंदा मी मंडळात सुचवलंय: रेकॉर्डवरचे नाच घरच्यांना थेट फोनवर पाठवू. चॅनेलवर मात्र मुलांनी स्वतः म्हटलेल्या आरत्या, ओव्या, अभंग. पेटी-तबला आपलाच. 'ळ' म्हणताना अडखळतील, सूर इकडेतिकडे जाईल. जाऊ दे. आजीला नातवंडांचा आवाज तरी ऐकू येईल!

तुमच्याकडे यंदा काय ठरतंय?